कातकरी शब्दांचे ध्वनिमुद्रण

१२ जानेवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. दापोलीजवळच्या एका शाळेत कातकरी भाषा विषय म्हणून सुरू होणार होती आणि त्यासाठी मी शब्द ध्वनिमुद्रित करत होते. समोर बसलेली कातकरी आजी प्रत्येक शब्दाआधी हवेत ते काम करून दाखवी. कंद खणी, बिळातून खेकडा ओढी.

“नातवंडांशी हीच भाषा बोलता ना?” मी विचारले.

“शाळेत पोरांना हसायचे, म्हणून घरात मीच बंद केली. आता शाळाच शिकवणार, बघ!”

मी ध्वनिमुद्रण ऐकवले. स्वतःच्याच आवाजाला ती मान डोलावून उत्तरे देऊ लागली.

“बाय, परत लाव. कुणीतरी बोलतंय माझ्याशी.”

त्यानंतर नवा शब्द मिळाला नाही. शब्द मोजायच्या माझ्या वहीतला शेवटचा आकडा तिला ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकवण्याच्या खेपांचा आहे: नऊ.