‘बाकी सगळे’चा फाटा

मावला या आमच्या गावात घरी बसून मी हैदराबादच्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहितो. त्यातला एक रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी होता. सिकलसेलचा निकाल तीन प्रकारचा: आजार, वाहक, दोष नाही. प्रत्येकाचा रिपोर्ट वेगळा, म्हणून प्रत्येकाला वेगळा फाटा. एखादा प्रकार सुटू नये यासाठी मी एक मॅक्रो, म्हणजे प्रोग्राम तयार होताना तपासणी करणारा छोटा तुकडा, लिहिला होता. एका जरी प्रकाराला फाटा दिलेला नसेल, तर तो प्रोग्राम तयारच होऊ द्यायचा नाही, अडून बसायचा. तो कोणाची भीड ठेवत नव्हता, म्हणून मला फार आवडायचा.

पुढे लॅबवाल्यांनी चौथा प्रकार मागितला: नमुना खराब, पुन्हा रक्त घ्या. तो टाकल्याबरोबर मॅक्रो अडला. अडणारच, त्यासाठीच तर होता. पण कंपनीतल्या साहेबांना संध्याकाळच्या आत काम द्यायचं होतं. त्यांनी मॅक्रोतच ‘बाकी सगळे’ची सोय केली. ‘दोष नाही’ या फाट्याचं नाव खोडून तिथं ‘बाकी सगळे’ लिहिलं, अन् त्याखालचा रिपोर्ट तोच ठेवला. असं करू नका म्हणून मी फोनवर डोकं आपटलं. “अरे भाई, चल रहा है ना?” म्हणाले. चालून राह्यलं होतं खरं. धडधडीत खोटं चालून राह्यलं होतं.

माझी बहीण वाहक आहे, हे घरात माहीत होतं. तिला दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी भाऊजींचंही रक्त तपासायला सांगितलं. दोघंही वाहक असले तर बाळाला आजार होऊ शकतो; म्हणून तेही वाहक निघाले तर पोटातल्या बाळाची तपासणी करायची अन् मग पुढचं ठरवायचं. लॅब आमचाच प्रोग्राम वापरायची. भाऊजींचं रक्त नेमकं खराब झालं. तिथल्या माणसानं तसंच भरलं, अन् छापून आलं, दोष नाही. आईनं गल्लीत पेढे वाटले.

पोर बसायला लागली अन् तिचे हातपाय सुजायला लागले. हात लावला तरी कळवळायची. सिकलसेल निघाला. भाऊजींचं रक्त पुन्हा घेतलं, तर तेही वाहक.

“मंग तवा काऊन चांगलं आलं होतं?” भाऊजी मलाच विचारत होते. साहेब समोर असते तर मी त्यांची गचांडी धरली असती.

मी ‘बाकी सगळे’ची सोय काढून टाकली अन् त्या फाट्याला पुन्हा ‘दोष नाही’ नाव दिलं. मॅक्रोनं लगेच बोट ठेवलं: ‘नमुना खराब’ राहिला आहे. मी फाटा दिला, प्रोग्राम तयार झाला. साहेब म्हणाले, “चलो, ठीक हो गया.”

बहिणीला सगळं सांगितलं. ती पोरीला मांडीवर घेऊन औषध पाजत होती.

“दुरुस्त कराले किती वेळ लागला?” तिनं विचारलं.

“जेवणाच्या आधी झालं.”

 पोरीनं औषध थुंकलं होतं. ते पदरानं पुसून तिनं पुन्हा चमचा भरला.