जुन्या राणीचा वास

माझ्या पेटीतली पोळ्याची चौकट उन्हात धरून शेजारचे मधपाळ धोंडूमामा म्हणाले, “अंडी विरळ पडलीत, ताई. राणीमाशी बदला, नाहीतर पेटी रिकामी होईल.” राणी म्हणायचं आणि अंडी मोजायची, अशी आमची तऱ्हा. जुनी असेपर्यंत माशा नवी घेत नाहीत, म्हणून मी तिला दोन बोटांत चिरडलं. इतकी वर्षं मधपेट्या सांभाळतेय, तरी हे काम सवयीचं होत नाही. नव्या राणीची जाळीची डबी पेटीत ठेवून मी पायरीवर टेकले. थोड्या वेळानं पाच-सहा माशा आल्या आणि माझ्या त्याच दोन बोटांवर फिरू लागल्या. एकीनंही डंख मारला नाही. “तिचा वास राहिलाय बोटांना,” मामा म्हणाले. “तिलाच शोधतायत.”

हात धुवायला हवे होते. मला उठवेना.