मामांची बिनपोटाची गिटार

सबंध बीड जिल्ह्यात व्होल्टेज उतरलं म्हणून खूश होणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. संध्याकाळी त्यांच्या कडा गावात बल्ब पिवळे पडू लागले की बाकीचं गाव विजेला शिव्या घालायचं आणि मामा लगबगीनं पेटी उघडून हवाईयन गिटार मांडीवर आडवी घ्यायचे. "जावईबापू, आता ऐका," ते म्हणायचे, "पुरी लाइट आली की ही किंचाळती. जरा उतरली की लई गोड बोलती." यात शास्त्र किती ते मला ठाऊक नाही, पण काचेचे वॉल्व्ह असलेल्या त्यांच्या जुन्या अँप्लिफायरमधून आवाज असा काही ओला होऊन यायचा की हातातला चहा तसाच निवून जायचा.

गिटार म्हणजे तरी काय, तर सायीच्या रंगाची एक भरीव फळी, वर सहा तारा आणि तारांखाली आवाज पकडणारा पिकअप. परदेशी बनावटीची. तरुणपणी ऑर्केस्ट्राबरोबर हैदराबादला गेलेल्या मामांनी तिथल्या हॉटेलात वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या वादकाकडून ती लग्नातली अंगठी देऊन घेतली. गावात आणली तेव्हा त्यांच्या जुन्या दोस्तानं तिला उलटीपालटी करून विचारलं, "काय बे, हिला पोट कुठं हाय?" मामा म्हणाले, "तुला हाय की. दोघांत पुरं."

मामा साखर कारखान्यात टर्नर होते. तारांवर फिरवायची पोलादी कांडी त्यांनी स्वतः लेथवर कातली होती आणि ती कायम सदऱ्याच्या खिशात असायची, त्यामुळे त्यांचे सगळे सदरे एका बाजूनं लोंबायचे. ताणलेली तार दिसली की त्यांना राहवत नसे. कपडे वाळत घालायची तार, सायकलच्या चाकाच्या तारा, काहीही चालायचं. एकदा आम्ही सगळे पालीला धरण बघायला गेलो, तर मामा कुणाच्या तरी शेताच्या तारेच्या कुंपणाला कांडी लावून कान देऊन उभे! मालक काठी घेऊन धावत आला. मामांनी त्याला शांतपणे सांगितलं, "वरची तार ढिली हाय तुमची. सूर न्हाई लागत." तो माणूस इतका गोंधळला की त्यानं आम्हाला हरभरा देऊन वाटेला लावलं.

मग एके दिवशी पिकअप मुका झाला. दुसऱ्या कोणी मुंबई गाठली असती. मामांनी गेवराईत विहिरीच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा मिस्त्री गाठला. त्यानं पहिला प्रश्न केला, "किती एचपीची?" पण केसासारखी तार मिळवून त्यानं तो पिकअप हातानं गुंडाळला खरा. आवाज परत आला, फक्त थोडा जाडसर होऊन, आणि शेजाऱ्याची मोटार सुरू झाली की गिटार आपसूक घुमायला लागली. मामा म्हणाले, "आता हिला आपलं पाणी लागलं."

मामींना या सगळ्याचा काडीचाही कंटाळा नव्हता. मामा वाजवत आणि त्या भाकरी थापता थापता गुणगुणत. पण गाण्यातला सगळ्यात वरचा सूर आला की मामी हमखास थोड्या अलीकडेच थांबायच्या. मामा चिडायचे. "अगं, अजून जरा वर हाय! दारात येऊन का थांबतीस? आत ये की!" मामी तव्यावरची भाकरी उलटत म्हणायच्या, "मला तितंच बरं वाटतं." हा संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की त्याशिवाय त्या घरातलं जेवण मला अळणी लागे.

मागच्या वर्षी मामी गेल्या. मामांनी पेटी बंद केली ती केलीच. कांडीसुद्धा खिशातून निघाली. मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं आणि गिटारीला गिऱ्हाईकही शोधलं. मामा नुसते "बरं" म्हणाले. गिटार गेली की माणूस कायमचा गप्प होणार, हे मला लख्ख दिसत होतं.

गिऱ्हाईक भला माणूस होता. जुनी वाद्यं जमवायचा. गिटार बघून त्याचे डोळे चमकले, पिकअप बघून चेहरा पडला. "अरेरे, हा मूळचा असता तर मोटारगाडीची किंमत आली असती हो! पण असू दे, घेतो मी. जरा आवाज ऐकवता?"

मामांनी कितीतरी महिन्यांनी तिला मांडीवर घेतलं. त्यांनी मामींचं ते भाकरीच्या वेळचं गाणं लावलं. कांडी तारेवरून सरकत वर वर गेली, त्या सुरापाशी आली आणि थोडी अलीकडेच थांबली. मामा तिथंच राहिले, डोळे मिटून, सूर विझेपर्यंत.

"आवाज अप्रतिम," गिऱ्हाईक म्हणून आलेले पाहुणे अदबीनं म्हणाले. "शेवटचा सूर तेवढा जरासा कमी लागला."

"हाय ना कमी," मामा म्हणाले. "ती तितंच थांबती." आणि त्यांनी पेटी मिटून आपल्या बाजूला ओढली. पाहुण्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी पुन्हा किमतीचा विषय काढला नाही. मामांनी त्यांना आग्रहानं जेवायला थांबवलं.

हल्ली मामा पुण्यात असतात. तिथं लाइट उतरत नाही, म्हणून गिटार किंचाळते, अशी त्यांची तक्रार आहे. कधीमधी ते फोन स्पीकरपाशी ठेवून आम्हाला ऐकवतात. बायको हातातलं काम टाकून येते. सूर चढत चढत दारापर्यंत येतो आणि थांबतो. मामा आता त्याला आत ये म्हणत नाहीत.