मागांच्या माडीवरचा कॉम्प्युटर

नव्या टॉवेलला खळ आणि तेलाचा वास येतो, तेव्हा सोलापुरातली एक दुपार आठवते. मित्राने गेमिंगसाठी कॉम्प्युटर जोडला होता. सात रस्त्याजवळच्या दुकानातून आम्ही वेगाने फिरणाऱ्या दोन हार्ड डिस्क निवडल्या आणि दोन्ही एकत्र काम करतील अशा बसवून घेतल्या. दुकानात गेम झटक्यात उघडला. मित्राच्या माडीवर तोच गेम रखडू लागला. केबल बदलल्या, डिस्क पुन्हा फॉरमॅट केल्या, फरक पडला नाही. खाली यंत्रमाग चालवणारे त्याचे वडील वर आले. ‘‘वर्षभर हट्ट करून हे असलं आणलंस व्हय? संध्याकाळी परत देऊन ये.’’ मित्राचा चेहरा उतरला. जाता जाता त्यांनी, बिघडलेल्या मागावर ठेवतात तसा, कॅबिनेटवर तळहात ठेवला. ‘‘थरथरतंय की रे हे! आत काय फिरतंय?’’ मी सांगितले, तबकडी. तिला न टेकता, केसाहून कमी अंतरावरून वाचणारा भाग असतो. त्यांनी जिन्यातून ओरडून सगळे माग थांबवले. घर शांत झाले आणि गेम झटक्यात उघडला. माग सुरू केले, की पुन्हा रखडला. मग मागाच्या पायाखाली घालायचे रबराचे जाड तुकडे त्यांनी कॅबिनेटखाली सरकवले. खाली माग दणदणत असताना गेम उघडला. ‘‘राहू दे हितंच,’’ म्हणत ते मुलाच्या खुर्चीत बसले. ‘‘कुठलं बटण दाबायचं?’’ आता मी बातमीसाठी अनोळखी माणसांना प्रश्न विचारतो. चालते माग थांबवताना मित्राच्या वडिलांच्या मनात काय होते, हे मात्र तेव्हा विचारले नाही.