चाळलेली माती

माती परीक्षणाचा कागद आला: जमीन उत्तम, खत कमी टाका. आम्ही कमी टाकलं आणि कपाशी पिवळी पडली. वैतागून मी आईला विचारलं, तपासायला माती दिलीस तरी कुठली?

"गोठ्यामागची. चाळून दिली. सायबाला काय माळावरची खडेवाली द्यायची? परक्याच्या हातात चांगलंच द्यावं."

मी कपाळाला हात लावला. शेतातल्या चार-पाच ठिकाणची माती घ्यायची असते, हे तिला दोनदा बजावलं होतं. माझं तर पोटच असल्या कामावर चालतं. ऊसतोडीहून परतलेल्या बायकांच्या तब्येतीची पाहणी करायला मी गावोगाव फिरते, फॉर्म भरते. त्यावरून म्हणे कुठे कसली औषधं पाठवायची ते ठरतं.

त्या संध्याकाळी जीव नुसता शिणला होता, तरी फॉर्मांचा गठ्ठा उघडला. 'कंबर दुखते का?' या प्रश्नापुढे, पानामागून पान, माझ्याच अक्षरात एकच उत्तर होतं: 'न्हाई, बरं हाय.'

एवढं सांगून प्रत्येक बाई कमरेवर हात ठेवून उठली होती, माझ्यासाठी चहा टाकायला.