काचेआडची ताई

अख्ख्या वस्तीची कुलपं उघडून देणाऱ्या कुलूपमामांच्या स्वतःच्या दाराची कडी मात्र वर्षानुवर्षं कुणी वाजवली नव्हती. लग्न केलं नाही, आईवडील गेले, बोलायला उरल्या त्या किल्ल्या. किल्ल्यांचं एक बरं असतं, त्या उलट बोलत नाहीत.

आठवड्यातून एकदा मामा दुकान लवकर बंद करायचे, धुतलेला शर्ट घालायचे आणि संग्रहालयात जायचे. तलवारींकडे, नाण्यांकडे ढुंकूनही न बघता थेट मागच्या दालनात. तिथे काचेच्या कपाटात लाल शालूतली वीतभर नवरी उभी होती. मामांच्या ताईने केलेली बाहुली ती. अंगात चिंध्या भरलेल्या, दागिने मण्यांचे, आणि चेहरा रंगवलेला तो हुबेहूब स्वतःचा. रुंद कपाळ, एक डोळा किंचित तिरपा. आई तेव्हा हसून म्हणाली होती, की नवरी करायला बसलीस आणि स्वतःलाच करून ठेवलंस. त्या काळी घरात फोटो निघायचा तो लग्नातच. ताईचं लग्न ठरलं, आणि त्याआधीच ती तापाने गेली. आईला बाहुली डोळ्यांसमोर नको झाली, म्हणून तिने ती संग्रहालयाला देऊन टाकली. ताईचा चेहरा जगात उरला तो तेवढाच.

पुढे बाहुलीच्या गालाचा रंग उडायला लागला. मामांनी दालन सांभाळणाऱ्या बाईंचा पिच्छाच पुरवला. दर खेपेला तेच गाऱ्हाणं. बाई कंटाळल्या म्हणा, विरघळल्या म्हणा, बाहुली एकदाची दुरुस्तीला गेली.

परत आली तेव्हा बाईंनी मामांना मुद्दाम बोलावून घेतलं. नवरी देखणी झाली होती. गोबरे गाल, टपोरे डोळे, दोन्ही अगदी सारखे.

"मामा, तुमच्यामुळे झालं हं हे," बाई कौतुकाने म्हणाल्या.

मामा 'छान' म्हणाले. आणखी काय म्हणणार? ताईचं नावही त्यांनी बाईंपाशी कधी काढलं नव्हतं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, आता ओरडायचं कुणाच्या नावाने?

रस्त्यात त्यांनी डोळे मिटून ताई आठवून पाहिली. टपोऱ्या डोळ्यांची ती परकी पोरगीच पुढे आली. पुन्हा मिटले, पुन्हा तीच. मामा घाबरले. एकटे ते आयुष्यभर होते, पण इतके एकटे कधीच नव्हते.

घरी न जाता ते न्हाव्याच्या दुकानात शिरले. दोघं भावंडं एकाच साच्यातून काढलेली, असं लहानपणी जो तो म्हणायचा.

"मिशी काढ," ते म्हणाले.

मिसरूड फुटल्यापासून राखलेली मिशी. न्हाव्याने दोनदा विचारून खात्री केली, वर चेष्टाही केली, की मामा, या वयात कुणाला पसंत पडायचंय? मामा हसले नाहीत.

वस्तरा फिरला, फेस पुसला गेला. आरशात आधी गाल बसलेला एक म्हातारा दिसला. मग वरचा ओठ दिसला, हनुवटी दिसली, आणि हळूहळू त्या म्हाताऱ्यातून एक म्हातारी बाई समोर आली. केस पिकलेली ताई त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

न्हावी गळ्यातलं कापड सोडायला लागला. मामांनी त्याचा हात धरला.

"राहू दे रे," ते म्हणाले. "जरा बसू दे आम्हाला."