शपथेनंतरची सही

ऑल्डन मेरिथ्यू यांनी एकतीस वर्षे लाकूड मोजले. ब्रॅडबरी फॉल्सच्या कागद गिरणीत जंगलातून ओंडक्यांनी भरलेले ट्रक येत. विकणाऱ्याला आपले लाकूड जास्त वाटे, गिरणीला तेच कमी वाटे, आणि या दोघांच्या मधोमध ऑल्डन मोजपट्टी घेऊन उभे असत. पोकळ ओंडका त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि चांगल्या ओंडक्याचा एक इंचही ते कुणाला बुडवू देत नसत. त्यांनी लिहिलेला आकडा दोन्ही पक्ष कुरकुरत का होईना, पण मान्य करीत. गिरणी बंद पडली, पत्नी एडिथ गेली, तरी शर्टाच्या खिशात सहा इंची पट्टी ठेवण्याची सवय काही गेली नाही.

अशा माणसाचे राजकारणात वैर व्हावे, आणि तेही जिवलग मित्राशी, हे गावाला विचित्रच वाटले होते. लूसिएन थेरिओ हे गिरणीतल्या कामगार संघटनेचे जुने कार्यकर्ते. पन्नास वर्षे ते एकाच पक्षाला मत देत आले होते. चार वर्षांपूर्वी गव्हर्नरपदासाठी तिघे उभे होते: दोन मोठ्या पक्षांचे दोन, त्यांतला एक लूसिएन यांच्या पक्षाचा, आणि एक अपक्ष. ऑल्डन यांनी अपक्षाला मत दिले, इतकेच नव्हे तर त्याच्या नावाची पाटी अंगणात रोवली. निवडून आला तो दुसऱ्या मोठ्या पक्षाचा उमेदवार, ज्याला दहापैकी सहा जणांनी मत दिलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी गावच्या दुकानात, कॉफीच्या किटलीपाशी, लूसिएन सर्वांसमक्ष म्हणाले, "झालं समाधान? केलंस माझं मत वाया?" ऑल्डन हातातली कॉफी ठेवून बाहेर पडले. त्यानंतर चार हिवाळे गोठलेल्या तळ्यावर दोघांच्या मासेमारीच्या झोपड्या दोन टोकांना उभ्या राहिल्या.

म्हणूनच पसंतीक्रमाच्या मतदानाची मागणी जनतेसमोर नेण्यासाठी राज्यभर सह्या गोळा होऊ लागल्या, तेव्हा ऑल्डन यांनी न बोलावता नाव नोंदवले. मतपत्रिकेवर पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहायची. कुणालाच निम्म्याहून जास्त मते पडली नाहीत तर सर्वांत मागे असलेल्याला बाद करून त्याची मते पुढच्या पसंतीकडे वळवायची. एवढे झाले तर शेजाऱ्याने शेजाऱ्यावर मते खाऊन निकाल बिघडवल्याचा आळ घेण्याचे कारण उरणार नाही, असे त्यांचे साधे गणित होते. तीन आठवडे ते चर्चच्या सामूहिक जेवणावळीत उभे राहिले, आणि शनिवारी, सारे गाव जिथे कचरा टाकायला येते त्या फाटकाशीही, कानटोपी ओढून, कागदांखाली लाकडी फळी धरून. एकशे एकाहत्तर सह्या जमल्या. शेवटच्या कागदावरची सर्वांत खालची ओळ मात्र कोरी राहिली. इतरांना ते दुसऱ्या कागदावर सही करायला लावत. ती ओळ कुणासाठी राखली होती, हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

नियम असा होता की सह्या गोळा करणाऱ्याने शेवटची सही पडल्यानंतरच नोटरीसमोर शपथ घ्यायची: या सर्व सह्या माझ्या डोळ्यांदेखत झाल्या. कागद नगर कचेरीत देण्याची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची. गुरुवारी दुपारपर्यंत वाट पाहून ऑल्डन नगर कचेरीत गेले. तिथल्या कारकून डोरिस हॅस्केल याच नोटरीही होत्या. हात वर करून शपथ झाली, शिक्के उमटले.

"खालची ओळ कोरी आहे हो," डोरिसबाई म्हणाल्या. "आडवी रेघ मारून टाका. मोकळी ओळ म्हणजे उघडं दार."

"घरी मारतो, पट्टीने."

"इथंही पट्टी आहे."

"घरी मारतो," ऑल्डन पुन्हा म्हणाले. एकतीस वर्षांच्या नोंदवह्यांत ज्यांनी एक रकाना मोकळा सोडला नव्हता, त्यांनी त्या रात्री ती रेघ मारली नाही. हात धजला नाही, एवढेच.

शुक्रवारी सकाळी दार वाजले. दारात लूसिएन उभे होते, मिशांवर हिमकण.

"माझं ड्रिल मोडलं," ते उंबऱ्यातूनच म्हणाले. "तुझं देतोस का? तळ्यावर भोक पाडायचंय, बर्फ दीड फूट झालाय."

चार वर्षांतले हे पहिले वाक्य. ऑल्डन ते आणायला मागच्या खोलीत गेले. ड्रिल घेऊन परतले तेव्हा लूसिएन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाकलेले होते. त्यांनी पेनाचे टोपण लावले, ड्रिल खांद्यावर टाकले आणि जाता जाता म्हणाले, "केलीय सही. बघून घे." दार बंद झाले.

टेबलावर पाकिटात घालायला काढून ठेवलेले कागद होते. शेवटच्या कागदाच्या शेवटच्या ओळीत लूसिएन थेरिओ यांचे वाकडेतिकडे नाव होते. तारखेचा रकाना कोरा होता.

ऑल्डन यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी कचेरीत फोन लावला.

"सही काटा," डोरिसबाईंनी सारे ऐकून घेऊन सांगितले. "शपथ कालची, सही आजची. तशीच आणलीत तर राजधानीतले लोक अख्ख्या कागदावर बोट ठेवतील. त्या कागदावर किती आहेत?"

"एकोणीस. ही धरून वीस."

"मग एकोणीस वाचवा. शपथेचा शिक्का पडलेल्या कागदावर पुन्हा शपथ होत नाही, आणि नवा कोरा कागद आणायला बँगोर शहरात जावं लागेल; या बर्फाळ रस्त्यावर तुम्ही पाचच्या आत परत येणार नाही. तुम्हीच काटा, शेजारी तुमची आद्याक्षरं घाला. त्यांना सांगायलाच हवं असं काही नाही."

शेवटचे वाक्य डोरिसबाई सहज बोलल्या, पण ऑल्डन तेवढ्यावरच अडले. न सांगता काटणे सोपे होते. त्याहून सोपे होते रिकाम्या रकान्यात बुधवारची तारीख घालणे. मग सहीही राहिली असती आणि मित्रही. पहिल्यात मित्राशी लबाडी होती, दुसऱ्यात शपथेशी. दोन वाजता त्यांनी बूट चढवले, कागदांचे पाकीट कोटाच्या आत धरले आणि ते तळ्यावरून चालत निघाले.

लूसिएन आपल्या झोपडीत उलट्या बादलीवर बसून बर्फातल्या भोकात गळाची दोरी सोडून होते.

"दार लाव, थंडी आत येतेय. ड्रिल न्यायला आलास? अजून एक भोक पाडायचंय."

"ड्रिल राहू दे. तुझ्या सहीचं बोलायचंय."

"का? अक्षर लागत नाही? कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरसुद्धा पट्ट्या मारून दमल्या, तुझ्याच्यानं काय होणार!"

"मी शपथ काल घेतली, लूसिएन. तू सही आज केलीस. ती काटावी लागेल."

लूसिएन दोरीकडेच पाहत राहिले. "मग कालच्या आधीची तारीख टाक. मी तारीख घातलीच नाहीये. कुणाला कळणार? या माशांना?"

"मला कळेल."

"तू असलाच! माझ्या सख्ख्या मेहुण्याचं लाकूड कमी मोजलं होतंस."

"पोकळ होतं ते."

"पोकळ होतं रे, पण मेहुणा होता ना!" लूसिएन यांनी थर्मासमधली कॉफी झाकणात ओतली, ऑल्डन यांना मात्र दिली नाही. "चार वर्षांपूर्वी माझं मत वाया घालवलंस. आज सही वाया घालवायला बर्फावरून पायपीट करत आलास. धन्य आहे."

"मी माझंच मत दिलं होतं."

"माझ्या माणसाची मतं खाल्लीस."

"तुझा माणूस तिसरा आला होता," ऑल्डन शांतपणे म्हणाले. "माझा दुसरा. मोजलंच तर खाल्ली कुणी कुणाची?"

लूसिएन यांच्या मिशा हलल्या. राग होता की हसू, ते पुरते कळले नाही. "माझ्या पोरीनंही हेच सांगितलं मला. तिच्याशी दोन महिने बोललो नाही."

"मग सही का केलीस?"

लूसिएन यांनी दोरी वर ओढून पुन्हा सोडली. "गेल्या नोव्हेंबरात मतदानाला गेलो," ते म्हणाले. "पडद्याआड उभा. पन्नास वर्षांत पहिल्यांदा आपलाच माणूस मला पटेना. दुसऱ्या कुणाला द्यावं, तर नको तोच निवडून यायचा. तिथं उभ्या उभ्या तुला शिव्या घातल्या बघ. मग लक्षात आलं, चार वर्षांपूर्वी तू असाच उभा असशील. हे तुला सांगायचं होतं, पण कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून सही केली." मग त्यांनी बादलीवरून उठून जागा केली. "काट. पण इथं काट, माझ्यासमोर."

ऑल्डन यांनी गुडघ्यावर कागद ठेवला. पेनातली शाई गोठली होती. ती तोंडाच्या वाफेने गरम करावी लागली. खिशातली पट्टी ठेवून त्यांनी मित्राच्या नावावरून सरळ रेघ ओढली आणि शेजारी आद्याक्षरे घातली. लूसिएन वाकून पाहत होते.

"सुबक मारलीस," ते म्हणाले. मग झाकणातली उरलेली कॉफी त्यांनी पुढे केली. "ही घे. आणि पाचच्या आत पायी कसा पोचणार आहेस? चल, ट्रक काढतो."

कचेरीपर्यंतच्या वाटेवर लूसिएन यांना एकच शंका होती. "समज, हे झालं पास. पहिली पसंती मी माझ्याच पक्षाला देणार, सांगून ठेवतो. दुसरी कुणाला देऊ?"

"ते तुझं तू ठरवायचं."

"अरे, पण बरा कोण आहे?"

"तुला कोण बरा वाटतो, त्यावर आहे."

"बघ, सरळ उत्तर कधी देणार नाही. एखादं नाव सांग, मी लगेच नाही म्हणतो."

ऑल्डन यांनी एक नाव सांगितले. लूसिएन यांनी लगेच नाही म्हटले. दुसरे सांगितले, त्यावर ते जरा थांबले. कचेरीसमोर ट्रक उभा राहिला तरी वाद मिटला नव्हता. अखेर डोरिसबाईंनीच बाहेर येऊन काचेवर टकटक केली.

"अहो, पाचला दहा मिनिटं कमी आहेत. भांडायचं ते नंतर भांडा, कागद आणा आधी."

आत त्यांनी कागद मोजून घेतले आणि शेवटच्या कागदावर थांबल्या. "एकशे एकाहत्तर. एक काटलेली."

"ती माझी," लूसिएन काउंटरवर कोपर टेकून म्हणाले. "लिहून ठेवा बाई. या गृहस्थाच्या हातून माझं दुसऱ्यांदा वाया गेलं."

"पहिल्यांदा गेलंच नव्हतं," ऑल्डन म्हणाले.

"बघा! ऐकलंत ना?"

डोरिसबाईंनी पोच लिहून दिली, दिवे मालवले आणि दाराला कुलूप लावले. पायऱ्यांवर लूसिएन दुसऱ्या नावातला पहिला दोष सांगू लागले होते, आणि ऑल्डन पोचपावतीची घडी घालीत तो शेवटपर्यंत ऐकून घेत होते.